चष्म्याचा नंबर उतरवणारे डॉ. फ्योदोरोव

पोलीस भरती किंवा सैन्यभरती जवळ आली की गावोगावची पोरं पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. छाती फुगते, दम टिकतो, उंचीही बसते आणि ऐन वेळी डोळ्याचा तक्ता आडवा येतो. मग कोणीतरी सांगतो की शहरात लेसर मारून दहा मिनिटांत नंबर काढून देतात. बाप बिचारा म्हैस बाजाराला काढतो. असे एक घर तुमच्याही माहितीत असेल.

डोळ्याचा नंबर ऑपरेशनने घालवायचा ही कल्पना लेसरच्या पुष्कळ आधीची आहे बरं का. ती दवाखान्याच्या चार भिंतींतून काढून जगभर नेली एका रशियन डॉक्टराने. स्व्यातोस्लाव फ्योदोरोव हे त्यांचे नाव. नाव जिभेला जड आहे, पण माणसाची हकीगत ऐकण्यासारखी आहे. त्यांनी दवाखान्याचा कारखाना केला, कारखान्याच्या जोडीला गोठा घातला आणि शेवटी देशाच्या अध्यक्षपदाची निवडणूकही लढवली. त्यांचे ऑपरेशन आज मागे पडले आहे. ते का मागे पडले, हे ज्याला चष्मा काढायचा आहे त्याने तर जरूर समजून घ्यावे.

फ्योदोरोव यांचा जन्म ८ ऑगस्ट १९२७ चा. गाव प्रोस्कुरोव. तेव्हा ते सोव्हिएत संघात होते, आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याचे नावही बदलून ख्मेल्नित्स्की झाले आहे. वडील लाल सैन्यात मोठे अधिकारी होते. १९३८ साली स्टालिनच्या धरपकडीत त्यांना उचलले आणि सतरा वर्षांची शिक्षा ठोठावून श्रमछावणीत धाडले. पोरगा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. काल सेनाधिकाऱ्याचा मुलगा म्हणून मिरवणारा आज देशद्रोह्याचा मुलगा ठरला. त्या काळी तिकडे या शिक्क्याचा अर्थ काय होता ते सांगायला नको. शेजारीपाजारीसुद्धा ओळख दाखवीत नसत.

पोराच्या डोक्यात मात्र विमानाचे वेड होते. रोस्तोवच्या विमानदलाच्या पूर्वतयारी शाळेत त्याला प्रवेशही मिळाला. १९४५ साली एके दिवशी चालती ट्राम पकडायला तो धावला, पाय निसटला आणि चाकाखाली गेला. एक पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर वैमानिक व्हायचा विषय कायमचा मिटला. असे झाले की माणूस एक तर खाटेला धरतो, नाही तर हट्टाला पेटतो. हा हट्टाला पेटला. पोहायला लागला आणि पुढे धडधाकट पोरांच्या बरोबरीने शर्यतीत उतरला. घोड्यावर बसणे तर त्याने म्हातारपणापर्यंत सोडले नाही. लाकडी पायाचा माणूस म्हणून त्याच्याकडे कोणी कीव करून पाहिलेले त्याला अजिबात खपत नसे.

विमान गेले तेव्हा डॉक्टरकी धरली. १९५२ साली रोस्तोवच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते बाहेर पडले आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणून पहिली नेमणूक झाली ती डोन नदीकाठच्या व्योशेन्स्काया या खेड्यात. वाचकांपैकी काहींना हे नाव ओळखीचे वाटेल, कारण कादंबरीकार शोलोखोव याच गावचे. तिथून उराल पर्वताकडच्या लिस्वा या कारखान्यांच्या गावी बदली झाली. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलेली वर्षे. शेतात गवताचे कुसळ डोळ्यात गेलेला, लोखंडाचा कण रुतलेला, मोतीबिंदूने चाचपडणारा असा सगळा पेशंट त्यांनी तिथे पाहिला.

मोतीबिंदूची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी. पूर्वी आपल्याकडे नेत्रशिबिरात मोतीबिंदू काढला की आजोबांना सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा मिळायचा. कारण मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंगच गढूळ झालेले असते. ते काढून टाकल्यावर डोळ्यात भिंग उरत नाही, म्हणून ते नाकावर लावायचे. चष्मा पडला, फुटला की आजोबा पुन्हा आंधळे. एकाच डोळ्याचे ऑपरेशन असेल तर दोन डोळ्यांना दोन आकाराचे जग दिसायचे, पायरी कुठे आहे तेच कळायचे नाही.

यावर उपाय शोधला तो लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचघराचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते. ते काचेचे नव्हते, प्लास्टिकच्या जातीचे होते, आणि डोळ्याने ते बिनतक्रार सहन केले हे रिडली यांच्या लक्षात आले. त्याच पदार्थाचे भिंग बनवून १९४९ साली त्यांनी ते माणसाच्या डोळ्यात बसवले. त्यांच्याच देशातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढले.

ही बातमी फ्योदोरोव यांच्या कानावर गेली तेव्हा ते चेबोकसारी या व्होल्गाकाठच्या शहरात एका नेत्रसंस्थेच्या शाखेत काम करीत होते. सोव्हिएत संघात असे भिंग कोणी बनवत नव्हते. परदेशातून मागवायचे तर परवाना कोण देणार? त्यांनी एका कसबी कारागिराला गाठले आणि भिंग घरच्या घरी घडवून घेतले. १९६० साली एका शाळकरी मुलीच्या डोळ्यात ते बसवले. मुलीला जन्मापासून मोतीबिंदू होता. ऑपरेशन झाले, मुलीला दिसू लागले, आणि डॉक्टरांची नोकरी गेली! वरिष्ठांच्या मते हा प्रकार शरीरधर्माला सोडून होता. मुलीला दिसते आहे की नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. सरकारी खात्याची ही तऱ्हा सगळ्या देशांत सारखीच दिसते.

या वेळी त्यांच्या मदतीला धावून आले ते एक पत्रकार. इझ्वेस्तिया या मोठ्या दैनिकाचे अनातोली अग्रानोव्स्की यांनी प्रकरण हाती घेतले, पुढे फ्योदोरोव यांच्यावर लिहिलेही. डॉक्टरांना कामावर परत घ्यावे लागले. वर्तमानपत्राचा असा उपयोग झाल्याचे वाचले की आम्हा लिहिणाऱ्यांनाही जरा बरे वाटते.

चेबोकसारीत मन रमेना म्हणून १९६१ मध्ये ते उत्तरेला अर्खांगेल्स्कला गेले. समुद्र गोठतो असा मुलूख. तिथे सहा वर्षे त्यांनी भिंगे बसवली, सुधारली, शिष्य तयार केले. १९६७ मध्ये मॉस्कोने त्यांना बोलावून घेतले. सहकारी झाखारोव यांच्या जोडीने त्यांनी बनवलेले भिंग परदेशात स्पुटनिक या नावाने ओळखले गेले. आज ते भिंग कोणी वापरत नाही, कारण ते बाहुलीच्या पडद्याला अडकवावे लागे. रिडली यांची पडद्यामागची जागाच शेवटी योग्य ठरली. पण आपल्या देशात सर्वांना उपचार पोचवायची वाट अशा हट्टी लोकांनीच मोकळी केली. पुढे १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी ऑरोलॅब काढून स्वस्त भिंगे बनवायला घेतली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदू निर्मूलनाचा जो प्रकल्प चालला, त्यात सात राज्यांमध्ये महाराष्ट्रही होता. सोड्याच्या बाटलीचे चष्मे गावांतून हळूहळू नाहीसे झाले ते त्या सुमारास.

आता मुख्य विषयाकडे येऊ. मोतीबिंदू हा आजार. पण लांबचे दिसत नाही म्हणून चष्मा लागणारा डोळा आजारी नसतो. डोळ्याच्या पुढच्या बाजूला, काळ्या बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक पटल असते. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या पटलाचा घुमट जास्त फुगीर असला किंवा डोळा मागेपुढे लांब असला, तर लांबच्या वस्तूचे चित्र मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते आणि दिसते ते धूसर. मग घुमट जरा चपटा केला तर? जपानमध्ये सातो नावाच्या डॉक्टरांनी १९३० ते १९५० च्या दरम्यान हे करून पाहिले होते. त्यांनी पटलाला बाहेरून आणि आतूनही चिरा दिल्या. आतल्या बाजूला पेशींचा एक नाजूक थर असतो, तोच पटलाला स्वच्छ ठेवतो. तो दुखावला, आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी पुष्कळांची पटले दहा-वीस वर्षांनी सुजून पांढरी पडली. हा विषय तिथेच थांबला होता.

फ्योदोरोव यांनी १९७० नंतर तो पुन्हा उघडला. एका मुलाच्या चष्म्याची काच मारामारीत फुटून डोळ्याला चिरली, जखम भरल्यावर त्याला चष्म्याशिवाय पूर्वीपेक्षा चांगले दिसू लागले आणि त्यावरून डॉक्टरांना ही युक्ती सुचली, अशी एक कथा सांगतात. कथा सोडून देऊ. त्यांनी खरा फरक केला तो असा, की चिरा फक्त बाहेरून द्यायच्या. बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. मधला तुंबा मोकळा सोडायचा, म्हणजे ज्यातून आपण पाहतो तो तीन-चार मिलिमीटरचा मधला भाग शिवायचा नाही. तुंब्यापासून धावेकडे आरे असतात, तशा चिरा बाहेरच्या बाजूला मारायच्या. सुरुवातीला सोळा, पुढे आठ, कधी चार. खोली पटलाच्या जाडीच्या नऊ-दशांशापर्यंत. एक केस खोल गेलात तर डोळ्याला भोक, आणि उथळ राहिलात तर नंबर तसाच. चिरा पडल्या की कडेचा भाग सैल होऊन बाहेर येतो आणि मधला भाग आपोआप चपटा होतो. नंबर उतरतो. या ऑपरेशनला रेडियल केराटोटॉमी म्हणतात.

नुसते ऑपरेशन शोधून हा गृहस्थ थांबला नाही. खरी गंमत पुढेच आहे. १९८० साली मॉस्कोत त्यांची स्वतंत्र संस्था झाली आणि तिथे त्यांनी ऑपरेशनचा सरकता पट्टा बसवला. आपल्या साखर कारखान्यात उसाची मोळी गव्हाणीतून पुढे सरकते ना, तसे पेशंटचे टेबल सरकायचे. डॉक्टर जागेवर बसलेले. पहिला मोजमाप करून खुणा करणार, पुढचे हिऱ्याच्या पात्याने चिरा देणार, शेवटचा तपासून पट्टी लावणार. प्रत्येकाने आपले एकच काम करायचे, ते रोज इतक्या वेळा करायचे की हात चुकायलाच नको. सर्वांत अवघड टप्प्यावर सर्वांत जाणता डॉक्टर. जगभरच्या दूरचित्रवाणीवर ही चित्रे दाखवली गेली. कित्येकांना ती बघवली नाहीत. माणसाला असे यंत्रावर घालतात का, असा आक्षेप आला. पण ज्याचे नाव प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे पडून असते, त्याला पट्ट्याचा राग येत नाही.

१९८६ मध्ये गोर्बाचेव यांच्या काळात या संस्थेला वेगळीच मुभा मिळाली. सरकारने पगाराची रक्कम देण्याऐवजी झालेल्या ऑपरेशनमागे पैसे द्यायचे आणि ते कसे वाटायचे हे संस्थेने ठरवायचे. फ्योदोरोव यांनी मिळकतीत सर्वांचा हिस्सा बांधला, डॉक्टरापासून झाडूवाल्या बाईपर्यंत. देशभर शाखा निघाल्या. पीटर द फर्स्ट नावाचे एक जहाजच दवाखाना म्हणून सज्ज झाले आणि अरबी मुलखातल्या बंदरांत ऑपरेशने करून परकी चलन मिळवून आणू लागले. सोव्हिएत राजवटीत हे अक्रीतच होते.

मिळालेल्या पैशाचे त्यांनी काय केले? तर मॉस्कोच्या उत्तरेला प्रोतासोवो भागात जमीन घेऊन शेती उभी केली. दुभत्या गाई बांधल्या, घोडे पाळले. सरकारी सामूहिक शेतांत कामगाराला दुधाच्या थेंबाशी देणेघेणे नसते, कारण दूध सरकारचे. त्याला उत्पन्नात वाटा द्या, मग बघा गाय कशी दूध देते, असा त्यांचा हिशेब होता. ऑपरेशनचे टेबल काय आणि गोठा काय, सूत्र एकच. राबणाऱ्याची मालकी. आपल्याकडचे सहकारी कारखाने इथे आठवल्यावाचून राहत नाहीत. फरक एवढाच की आपल्या कारखान्यात ऊस घालणारा सभासद असतो, तोडणारा आणि गाळणारा नसतो. फ्योदोरोव यांना बहुधा ते पटले नसते.

हे सूत्र सगळ्या देशाला लावायचे म्हणून ते राजकारणात उतरले. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधी झाले, पुढे स्वतःचा पक्ष काढला, १९९५ मध्ये रशियाच्या संसदेत निवडून गेले आणि १९९६ मध्ये थेट येल्त्सिन यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाला उभे राहिले. एक टक्कासुद्धा मते पडली नाहीत. लोकांनी डोळे त्यांच्या हाती दिले, देश दिला नाही.

इकडे ऑपरेशनचे काय झाले? १९७८ मध्ये ते अमेरिकेत पोचले, १९८० च्या दशकात आपल्याकडे मोठ्या शहरांतही होऊ लागले. अमेरिकन सरकारच्या नेत्रसंस्थेने मात्र एक शहाणपणाचे काम केले. ऑपरेशन झालेल्या लोकांना दहा वर्षे पुन्हा पुन्हा बोलावून तपासले. निष्कर्ष १९९४ मध्ये छापून आला. शंभरातल्या त्रेपन्न डोळ्यांना चष्म्याशिवाय उत्तम दिसत होते. ही झाली चांगली बाजू. पण शंभरातल्या त्रेचाळीस डोळ्यांचा नंबर उलट दिशेला एक किंवा अधिक अंकाने सरकला होता. चिरा दिलेला घुमट वर्षानुवर्षे हळूहळू चपटा होतच राहिला होता. ज्याला लांबचे दिसत नव्हते, त्याला आता जवळचे दिसेना. सकाळी एक नंबर, संध्याकाळी दुसरा, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो, अशाही तक्रारी होत्या.

आणखी एक. चिरलेले पटल पूर्वीइतके मजबूत कधीच होत नाही. डोळ्यावर जोराचा मार बसला तर जुन्या चिरेवरच ते उसवल्याची उदाहरणे आहेत. १९९६ साली एव्हरेस्टवर बेक वेदर्स हे अमेरिकन गिर्यारोहक उंचावर गेल्यावर जवळजवळ आंधळे झाले आणि वादळात सापडले. त्यांच्या डोळ्यांचे हेच ऑपरेशन झाले होते. विरळ हवेत चिरलेल्या पटलाचा आकार बदलला होता. म्हणूनच आपल्या सैन्यदलांच्या वैद्यकीय नियमांत रेडियल केराटोटॉमी झालेला डोळा चालत नाही.

लेसरने हे पाते मोडीत काढले. त्याची सुरुवात एका भारतीय माणसाच्या हातून झाली हे थोड्यांना ठाऊक आहे. मद्रासकडचे रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत संशोधक होते. १९८१ च्या नोव्हेंबरात सणाच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर एक्सायमर लेसर सोडला. बाजूचा भाग जराही न भाजता लेसरने स्वच्छ खाच पाडली. १९८३ मध्ये डॉ. ट्रोकेल यांच्यासोबत हाच प्रयोग डोळ्याच्या पटलावर झाला. आता चिरा देऊन पटल सैल करायचे कारण उरले नाही. घुमटाचा मधला भागच हवा तेवढा तासता येऊ लागला. १९९० च्या सुमारास ग्रीसचे डॉ. पालिकारिस यांनी पटलाची पातळ पापडी उचलायची, खाली लेसर मारायचा आणि पापडी परत बसवायची ही रीत काढली. तीच आजची लॅसिक.

लेसर म्हणजे जादू नव्हे, हे पोराच्या बापाने म्हैस विकण्याआधी ऐकून घ्यावे. अठरा वर्षे पुरी झालेली हवीत आणि नंबर स्थिर झालेला हवा. दर वर्षी नंबर वाढतोय अशा डोळ्यावर लेसर मारला तर तो पुन्हा वाढणार. पटलाची जाडी आणि आकार यंत्रावर मोजल्याशिवाय होकार देणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका. काहींचे पटल मुळातच शंकूसारखे पुढे येत असते. अशा डोळ्याला लेसर लागला तर नजर जायची वेळ येते. ऑपरेशननंतर काही महिने डोळे कोरडे पडतात. चाळिशी यायची ती येतेच. जास्त नंबरवाल्याचा मागचा पडदा कमजोर असतो, तो ऑपरेशनने मजबूत होत नाही. आणि भरतीसाठी करायचे असेल तर त्या भरतीची वैद्यकीय अट आधी वाचा. कुठे लेसर चालतो, कुठे काही महिने जाऊ द्यावे लागतात, कुठे चालत नाही.

ज्यांनी तरुणपणी चिरांचे ते ऑपरेशन करून घेतले, ते आज साठीच्या आसपास आहेत. त्यांना आता मोतीबिंदू होऊ लागला आहे. आत बसवायच्या भिंगाचा नंबर पटलाच्या गोलाईवरून काढतात, आणि चिरा दिलेल्या पटलावर नेहमीचा हिशेब चुकतो. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर मोतीबिंदूच्या तपासणीलाच ही गोष्ट डॉक्टरांना सांगा. जुना केसपेपर सापडला तर बरोबर न्या. लॅसिक झालेल्यांनाही हेच लागू आहे.

फ्योदोरोव यांचा शेवट सांगायचा राहिला. विमानाचे वेड त्यांना सुटले नव्हते. उतारवयात त्यांनी उडायचे शिकून घेतले होते आणि संस्थेचे स्वतःचे हेलिकॉप्टर होते. २ जून २००० रोजी तांबोव इथल्या शाखेचा कार्यक्रम आटोपून ते त्याच हेलिकॉप्टरने परतत होते. मॉस्कोच्या वेशीवर ते कोसळले. आतले चौघेही गेले. डॉक्टर बहात्तर वर्षांचे होते. चौकशीत यंत्रातला बिघाड हे कारण निघाले, घरच्यांच्या मनातला संशय मात्र गेला नाही. मॉस्कोबाहेरच्या रोझ्देस्त्वेनो-सुवोरोवो या खेड्यातल्या स्मशानात त्यांना पुरले. त्यांची संस्था मॉस्कोत आजही चालू आहे, तिला त्यांचेच नाव दिले आहे, आणि तिथे आता चष्म्याचे नंबर लेसरने काढतात.